दवाखान्याचा खर्च घराला किती पेलवतो? पावत्यांच्या पिशवीपासून टक्क्यापर्यंतचा हिशेब

“दवाखान्याला किती गेले?” असं विचारलं की बहुतेक घरांतून गोल आकडा येतो: “पन्नासेक हजार गेले असतील.” मग घरातली बाई आतून प्लास्टिकची पिशवी घेऊन येते. तिच्यात डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचा लिफाफा, मेडिकलच्या पावत्या आणि शाई पार उडून गेलेली दोन-तीन बिलं असतात. पिशवी सतरंजीवर ओतून बेरीज केली की पन्नासचे कधी बत्तीस होतात, तर कधी एक्याऐंशी.

पण बेरीज बरोबर आली तरी ते ओझं नव्हे. एका घराला ऐंशी हजार म्हणजे एक एफडी मोडणं, तर दुसऱ्या घराला आठ हजार म्हणजे शेळी विकणं. ओझं मोजायचं म्हणजे भागाकार करायचा: वर दवाखान्याचा खर्च, खाली घराची ऐपत. वरचा आकडा काढायला सगळे धावतात, पण माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक चुका खालच्या आकड्यात होतात. सगळ्यात मोठी चूक तर जिथे वरचा आकडा शून्य आहे अशा घरांत होते. त्याकडे शेवटी येतो.

हा लेख एखाद्या गावात किंवा वस्तीत शंभर-दोनशे घरांचं सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी आहे. समाजकार्याचे विद्यार्थी असोत, बचत गटांचा महासंघ असो की एखादी संस्था, वही, पेन आणि एक्सेल एवढ्यावर भागतं.

घर कुणाचं, खिसा कुणाचा

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात, म्हणजे एनएसएसमध्ये, कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. हीच व्याख्या धरा. दोन भाऊ एका वाड्यात राहतात पण चुली वेगळ्या, तर दोन फॉर्म.

खरी अडचण पुण्या-मुंबईला असलेल्या मुलाची. आईचं ऑपरेशन गावाजवळच्या हॉस्पिटलात झालं आणि बिल मुलाने फोनवरून थेट भरलं. आई सांगते, “आमचा काहीच खर्च नाही झाला, पोराने दिले.” हा खर्च आईच्या घराच्या फॉर्ममध्येच लिहायचा, कारण उपचार त्या घरातल्या माणसावर झाले. पैसे कुठून आले या रकान्यात ‘नातेवाईक’ अशी खूण करायची. तेवढीच रक्कम घराच्या एकूण खर्चातही धरायची, नाहीतर वरचा आकडा फुगतो आणि खालचा तसाच राहतो.

वर्षभरात घरातलं कुणी वारलं असेल तर तेही विचारा. शेवटच्या आजारपणाचा खर्च अनेकदा सगळ्यात मोठा असतो, आणि “घरात कोण कोण?” या प्रश्नाच्या उत्तरात तो माणूस येतच नाही. एनएसएसचं आरोग्य सर्वेक्षण मागच्या ३६५ दिवसांत वारलेल्या सदस्यांची माहिती वेगळी घेतं, ते याचसाठी. प्रश्न जपून विचारावा लागतो, पण गाळू नका.

खर्चात काय धरायचं

डॉक्टरची फी, औषधं, तपासण्या, बेड, ऑपरेशन, सलाईन, ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय खर्चात येतं. येण्याजाण्याचं भाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, लॉजचं भाडं हा वैद्यकीयेतर खर्च. दोन्ही लिहा, पण वेगळ्या रकान्यांत. बुडालेली मजुरी तिसऱ्या रकान्यात. ती खिशातून गेलेली नसते, खिशात आलेलीच नसते, म्हणून बेरजेत नको. विम्याचा हप्ताही वेगळाच लिहावा.

एका दाखल्यासाठी, म्हणजे एकदा ॲडमिट होण्यासाठी, तीन प्रश्न लागतात: बिल किती झालं? त्यातले तुम्ही किती भरले? नंतर परत किती मिळाले? खिशातला खर्च म्हणजे दुसऱ्यातून तिसरा वजा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले की लोक “फुकट झालं” म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात बाहेरून आणलेल्या इंजेक्शनांचा विषय निघतो. ही योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करून संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्याने २०२३मध्ये घेतला. म्हणून ‘योजनेत बसलं का?’ हा रकाना आता प्रत्येक दाखल्याला हवा, आणि त्याच्या शेजारी ‘तरी खिशातून किती?’ हाही. ‘योजनेत बसलं’ म्हणजे शून्य असं स्वतःच्या मनाने लिहू नका.

बाळंतपण विसरू नका. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बिल माहेरचे देतात. ते सासरच्या फॉर्ममध्ये की माहेरच्या, याचा नियम आधी ठरवून सगळ्यांनी तोच पाळायचा. मी बाळंतीण त्या दिवसांत जिथे जेवत होती ते घर धरतो.

किती दिवसांचं विचारायचं

दाखल होण्याचा खर्च वर्षाचा विचारावा, कारण दवाखान्यात ॲडमिट झालेलं माणूस विसरत नाही. वर्ष कधीपासून, हे मात्र तारखेने विचारू नका. “मागच्या पोळ्यापासून या पोळ्यापर्यंत” म्हटलं की घरातल्या आजी बरोबर सांगतात की नातवाला डेंग्यू गणपतीत झाला की दसऱ्यानंतर.

किरकोळ दुखण्याचं वर्षाचं कुणालाच आठवत नाही. एनएसएसचं आरोग्य सर्वेक्षण ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांसाठी मागचे १५ दिवस विचारतं, तर घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण मागचे ३० दिवस. मग वर्षाचा आकडा काढायला १५ दिवसांच्या खर्चाला ३६५ भागिले १५, म्हणजे सुमारे २४.३३ ने गुणतात.

इथे मी पहिल्याच सर्वेक्षणात तोंडावर पडलो. एका घरात मुलाचा हात मोडला होता, प्लास्टर-एक्सरे मिळून ३,००० रुपये गेले होते आणि ते नेमके त्या पंधरवड्यात बसले. गुणाकार झाला: वर्षाला ७३,०००. त्या पोराने वर्षात चोवीस वेळा हात मोडून घेतला, असं माझी एक्सेल शीट सांगत होती. शेजारच्या घरात वर्षभर दर दोन महिन्यांनी कुणीतरी आजारी होतं, पण तो पंधरवडा बरा गेला, म्हणून तिथे शून्य.

हजारो घरांची सरासरी काढताना हे एकमेकांत जिरतं आणि सरासरी ठीक येते. पण ‘किती घरं १० टक्क्यांच्या वर गेली’ (हा उंबरठा पुढे येतोच) हे मोजताना जिरत नाही, कारण तिथे प्रत्येक घराचा स्वतंत्र आकडा लागतो. म्हणून छोट्या सर्वेक्षणात किरकोळ खर्चाचे दोन भाग करा. बीपी, शुगर, थायरॉइड, दमा यांच्या नेहमीच्या गोळ्या महिन्याच्या विचारा आणि १२ने गुणा. ताप, जुलाब, जखम यांचे गेल्या तीन महिन्यांतले प्रसंग एकेक करून लिहून घ्या आणि चारने गुणा. चूक इथेही राहते, पण हात चोवीस वेळा मोडत नाही. तीन महिने पावसाळ्याचे असतील तर तसं अहवालात लिहा. शक्य असेल तर निम्मी घरं पावसाळ्यात आणि निम्मी उन्हाळ्यात करा.

मेडिकलवाल्याची उधारीची वही हा सोन्यासारखा पुरावा असतो. घरच्यांनी परवानगी दिली तरच पाहा.

खालचा आकडा: घराची ऐपत

उत्पन्न विचारू नका. सांगायला लोक कचरतात हे एक, आणि शेतकऱ्याचं उत्पन्न एका वर्षी कापसाने वर जातं, दुसऱ्या वर्षी पावसात वाहून जातं. खर्च त्यामानाने स्थिर असतो. म्हणून खालचा आकडा म्हणजे घराचा वर्षाचा एकूण उपभोग खर्च: किराणा, भाजी, दूध, गॅस, वीज, मोबाइल, पेट्रोल, शाळा, कपडे, सण, भांडीकुंडी, आणि दवाखानाही. वर जे धरलं ते खाली असलंच पाहिजे. बियाणं, खत, फवारणी हा धंद्याचा खर्च, तो नाही.

घरची ज्वारी, घरची तूर, घरचं दूध यांची किंमत लावायलाच हवी. विकत घेतलं असतं तर किती पडलं असतं, असा विचार न करता गावात तो माल ज्या भावाने सुटतो तो भाव लावा. रेशनवर स्वस्तात किंवा मोफत मिळालेल्या धान्याचं काय करायचं हेही ठरवा. बाजारभाव लावा किंवा सोडून द्या, पण सगळ्या घरांना एकच नियम.

एका घराचा पूर्ण हिशेब

पाच माणसांचं एक शेतकरी घर घेऊ. आकडे समजावण्यापुरते मी मांडलेले आहेत.

विकतचं अन्न महिन्याला ७,०००, घरच्या धान्या-दुधाची किंमत २,५००. वर्षाचं अन्न १,१४,०००.
वीज, गॅस, पेट्रोल, मोबाइल, शाळा वगैरे महिन्याला ६,०००. वर्षाचे ७२,०००.
सण, कपडे, एक मिक्सर: वर्षाचे २४,०००.
आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याला ९००, वर्षाच्या १०,८००. किरकोळ आजारपण ३,६००. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन खासगीत: बिल ३८,०००, बाहेरची औषधं आणि तपासण्या ६,५००, परत काही नाही. दवाखाना एकूण ५८,९००.

घराचा एकूण खर्च २,६८,९००. दवाखान्याचा वाटा ५८,९०० भागिले २,६८,९००, म्हणजे २१.९ टक्के.

आता उंबरठे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ३.८.२ हा निर्देशांक आहे. त्यात एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या १० टक्के आणि २५ टक्के असे दोन उंबरठे वापरले गेले. हे घर पहिला ओलांडतं, दुसरा नाही.

दुसरी पद्धत म्हणते की पोटाला लागतं ते आधी बाजूला काढा आणि उरलेल्यातून दवाखान्याला किती गेले ते पाहा. ४० टक्क्यांच्या वर गेलं तर खर्च पेलवण्यापलीकडचा. साध्या रूपात अन्न सोडून उरलेला खर्च धरतात: २,६८,९०० वजा १,१४,०००, म्हणजे १,५४,९००. ५८,९०० हा त्याचा ३८ टक्के. हे घर थोडक्यात वाचलं.

वडिलांच्या वेळी जीपचं भाडं आणि दोन माणसांचं आठवडाभर बाहेरचं खाणं मिळून ६,००० गेले होते, ते आपण वेगळ्या रकान्यात ठेवलेत. ते वरही मिळवा आणि खालीही. ६४,९०० भागिले १,६०,९००, म्हणजे ४०.३ टक्के. घर उंबरठ्याच्या पलीकडे गेलं. माणसं तीच, ऑपरेशन तेच, फक्त जीपचं भाडं धरलं.

आणि घरची ज्वारी-तूर-दूध लावायला विसरलात तर? एकूण खर्च ३०,००० ने कमी दिसेल. मग भाड्यासह वाटा ६४,९०० भागिले २,४४,९००, म्हणजे २६.५ टक्के. हे घर २५ टक्क्यांचा उंबरठाही ओलांडल्यासारखं दिसेल, आणि कोरडवाहू गावात अशी चूक घरोघर होते. अन्न वजा करण्याच्या पद्धतीत मात्र ही चूक आपोआप कटते, कारण घरचं धान्य दोन्हीकडून सुटतं. मी दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी-शेजारी देतो ते यासाठीच.

गरीब घराचा बहुतेक पैसा खाण्यावरच जातो. त्यामुळे अन्न वजा करताना प्रत्येक घराचं प्रत्यक्ष अन्न न धरता, मधल्या घरांच्या अन्नखर्चावरून माणशी किमान किती लागतं हे काढून तेच सगळ्यांना लावायची रीत जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत आहे. त्यात कुटुंबाचा आकार सरळ न धरता त्याचा ०.५६ घात घेतात, कारण दहा माणसांना पाचांच्या दुप्पट लागत नाही. २०२५मध्ये ३.८.२ची व्याख्याही या दिशेने सरकली. आता गरिबी रेषेइतका खर्च बाजूला काढून उरलेल्याच्या ४० टक्के हा उंबरठा धरतात. दोनशे घरांसाठी साधी वजाबाकी पुरे.

पैसे आणले कुठून

हर्नियाच्या ४४,५०० पैकी २०,००० बचत गटाचं कर्ज, १५,००० मेव्हण्याकडून हातउसने, बाकी घरात होते. म्हणजे त्या वर्षी किराण्याला फारसा हात लागला नाही, शाळेचीही फी भरली. आपला टक्का काढताना मात्र हे ३५,००० घराच्या ‘ऐपती’त मोजले गेले. कर्ज काढलं आणि घर कागदावर सधन दिसलं!

यावर उपाय म्हणून फॉर्ममध्ये पैशाचा उगम विचारा: शिल्लक, हातउसने, गट, सोसायटी, सावकार, सोनं गहाण, जनावर विकलं, जमीन. व्याजाचा दर आणि आज किती बाकी आहे तेही. दोन टक्के महिन्याने २०,००० वर पहिल्या महिन्याचं व्याज ४०० रुपये होतं. ते दवाखान्याच्या खर्चात मोडत नाही, पण गोळ्यांच्या ९००च्या शेजारी ठेवून पाहा. कर्ज किंवा विक्री करून उपचार केलेल्या घरांची टक्केवारी हा माझ्या मते अहवालातला सगळ्यात बोलका आकडा असतो, आणि त्याला घराच्या ऐपतीचा आकडा लागत नाही.

घरांवरून गावाकडे

समजा पाच घरांचे वाटे २, ४, १२, २२ आणि ३५ टक्के आले. १० टक्क्यांवर तीन घरं, म्हणजे ६० टक्के घरं. पण १२ आणि ३५ एकाच पारड्यात कसे टाकणार? म्हणून उंबरठ्याच्या वर किती, हेही काढतात: २ अधिक १२ अधिक २५, एकूण ३९. सगळ्या पाच घरांवर वाटलं तर ७.८, ओलांडलेल्या तीनच घरांवर वाटलं तर १३ टक्के. पहिला आकडा किती जणांना लागलं ते सांगतो, शेवटचा किती खोल लागलं ते.

मग घरं माणशी खर्चाप्रमाणे चढत्या क्रमाने लावा, पाच समान गट करा आणि प्रत्येक गटाचे हे आकडे वेगळे द्या. गावाची एकच सरासरी देऊन थांबू नका.

गरिबी रेषेखाली ढकललं का

आपल्या घराचा माणशी महिन्याचा खर्च दवाखान्यासह ४,४८२ आहे, दवाखाना वजा केल्यावर ३,५००. आधीचा आकडा रेषेच्या वर आणि नंतरचा खाली गेला, तर आजारपणाने घर गरिबीत ढकललं असं म्हणतात. तेंडुलकर पद्धतीची २०११-१२ची महाराष्ट्राची रेषा ग्रामीण भागात माणशी महिना ९६७ आणि शहरात १,१२६ रुपये होती. तीच ग्राहक किंमत निर्देशांकाने आजवर आणावी लागते. ढोबळमानाने ती दुप्पट धरली तरी आपलं घर बरंच वर राहतं. पण २,१५० वरून १,७५० वर आलेलं घर खाली जातं. आणि जे आधीच खाली होतं ते ‘ढकललं गेलं’ या मोजणीत येतच नाही. त्याचा वेगळा रकाना करा: आधीच गरीब, तरी खिशातून खर्च.

तयार आकड्यांशी ताडून पाहणं

एनएसएसच्या ७५व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) बाळंतपण सोडून एका दाखल्याचा सरासरी वैद्यकीय खर्च देशात सरकारी रुग्णालयात ४,४५२ आणि खासगीत ३१,८४५ रुपये होता. महागाई धरून तुमच्या गावातलं सरकारी-खासगी अंतर याच्या जवळपास आहे का पाहा. फारच वेगळं असेल तर आधी फॉर्म तपासा. या फेरीची घरनिहाय आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. तिच्यावर काम करताना दोन गोष्टी सांभाळा. भारांक, म्हणजे नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने आहे तो आकडा, लावल्याशिवाय कुठलाही टक्का काढू नका. आणि त्या फेरीत घराचा खर्च मोजक्याच प्रश्नांत विचारला आहे, त्यामुळे खालचा आकडा लहान येतो आणि ओझं जास्त दिसतं. २०२२-२३च्या उपभोग खर्च सर्वेक्षणात उलट आहे: घराचा खर्च तीन भेटींत बारकाईने विचारलाय, पण आजारपणाचा तपशील तुटपुंजा. दोन सर्वेक्षणांचे टक्के शेजारी ठेवून ‘ओझं घटलं’ असा मथळा देण्याआधी हे आठवा.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतला आकडाही असाच गल्लत करवतो. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशाचा वाटा २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२मध्ये ३९.४ वर आला. हा वाटा देशाच्या खर्चातला आहे, घराच्या खर्चातला नाही. सरकारने जास्त खर्च केला तर घराचा एक रुपयाही न वाचता हा टक्का उतरू शकतो.

आणि शून्य

आता ती घरं, जिथे दवाखान्याचा खर्च शून्य आहे. एक्सेलमध्ये ती सगळ्यात सुखी दिसतात. गरीब गटात उंबरठा ओलांडणारी घरं कमी आणि मधल्या गटात जास्त, असं चित्र दिसलं की लोक निष्कर्ष काढतात की गरिबांना झळ कमी बसते. माझ्या पहिल्या अहवालात मीही तसं एक वाक्य लिहिलं होतं. छापण्याआधी एका आशाताईंना वाचून दाखवलं. त्यांनी घर क्रमांक विचारला, मी सांगितला. त्या म्हणाल्या, “त्या मावशीचं अंग बाहेर येतंय तीन वर्षं. ऑपरेशन सांगितलंय. जात नाही ती.”

तेव्हापासून फॉर्मच्या शेवटच्या पानावर खर्चाचा एकही प्रश्न नाही. प्रत्येक माणसासाठी एवढंच: वर्षभरात काही दुखणं अंगावर काढलं का? कुठलं? डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी, ऑपरेशन किंवा गोळ्या मधेच सोडल्या का? का: पैसे, लांब पडतं, सोबत कुणी नाही, मजुरी बुडते, की बरं वाटलं म्हणून? हे पान घरातल्या बाईला एकटीला विचारायचं, शक्यतो चुलीपाशी, आणि सर्वेक्षकही बाईच हवी. टक्के काढताना शून्यवाल्या घरांचे दोन ढीग करायचे, ‘गरज पडली नाही’ आणि ‘अंगावर काढलं’. पाच गटांच्या तक्त्यात दुसऱ्या ढिगाचा रकाना उंबरठ्याच्या रकान्याला लागूनच ठेवायचा.

मावशींच्या फॉर्मवर वरच्या बाजूला खर्च ० आहे आणि शेवटच्या पानावर ‘ऑपरेशन, ३ वर्षं, पैसे आणि सोबत’ असं लिहिलंय.